वाळूची उशी

"ही बी पळंल बघा दोन महिन्यांत. इंग्लिश मीडियमची हाय."

दाराआडचं हे बोलणं बाहेरच्या बाकावर बसलेल्या मला स्पष्ट ऐकू आलं. बोलणारे प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ऐकणारा ऑफिसातला क्लार्क होता आणि तो हसला. मी फाइल छातीशी धरली आणि काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमतो, शाळेपासूनची सवय आहे.

नगरच्या त्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विंचवाच्या विषावर काम करण्यासाठी दिल्लीच्या एका राष्ट्रीय संस्थेने प्रकल्प मंजूर केला होता. त्यात ज्युनिअर रिसर्च फेलोची एक जागा निघाली होती. जाहिरात मी वेबसाइटवर इंग्रजीत वाचली. विंचू इंग्रजीत वाचला की तितका भयंकर वाटत नाही. बाकावर बसल्यावर, समोरच्या कपाटातल्या बरणीत तो मराठीत दिसला.

माझ्या आधी आत गेलेला मुलगा हसत बाहेर आला. "काड्यापेटी देतात, उघडायला सांगतात. रिकामी असते. बिनधास्त उघडायची," तो म्हणाला.

आत तिघे बसले होते. दोघांनी नेहमीचे प्रश्न विचारले. तिसरे म्हणजे प्रकल्पाचे सर, उंच, वाळलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले. त्यांनी काहीच विचारलं नाही. शेवटी खिशातून काड्यापेटी काढून माझ्यासमोर ठेवली.

"यात पाहुणा आहे. उघडा."

पेटी रिकामी आहे हे मला माहीत होतं. म्हणजे, मघाशी ती रिकामी होती हे माहीत होतं. मी खुर्ची थोडी मागे घेतली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि लोक बघायला लागले की माझा आवाज आत जातो.

"मी नाही उघडणार," मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"नाही उघडणार, सर."

उरलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सरांनी पेटी उचलून परत खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी सरळ माळीवाड्याची रिक्षा पकडून घरी गेले.

आठवड्याने निवडीचा फोन आला.

पुढे कधीतरी मी सरांना विचारलं, मलाच का घेतलं, तेव्हा ते म्हणाले, "जो झटकन उघडतो, तो माझ्याकडे वर्षाच्या आत नांगी खातो. मग दिल्लीला मी काय सांगू?"

"पण सर, ती रिकामी होती ना?"

"त्याच्या वेळी होती," ते म्हणाले.

इतका घाबरट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. ते स्वतःच सांगायचे. लिफ्टला भ्यायचे, कुत्र्यांना भ्यायचे, सोलापूर रोड ओलांडायला भ्यायचे. गॅसवर दूध ठेवलेलं असलं की स्वयंपाकघरातून हलायचे नाहीत. आणि प्रत्येक गोष्ट झटकायचे. चपला झटकायचे, टॉवेल झटकायचे, वर्तमानपत्र उघडण्याआधी झटकायचे. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात प्राचार्य त्यांच्या खांद्यावर शाल घालायला पुढे आले. सरांनी शाल त्यांच्या हातातून घेतली, स्टेजच्या कडेला गेले, दोन्ही टोकं धरून ती जोरात झटकली, उलटसुलट बघितली आणि परत प्राचार्यांच्या हातात दिली. म्हणाले, "हं, आता घाला." सभागृह हसून लोळत होतं. सर मात्र गंभीर होते. शालीची घडी म्हणजे विंचवाला दगडाच्या फटीइतकीच सोयीची जागा, असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं.

मी अजूनही ओढणी झटकून घेते. आता मी राहते तिथे विंचू नाहीत.

सगळ्यांत जास्त भीती त्यांना दिल्लीची. आमच्या प्रयोगशाळेत त्या संस्थेचं नाव कोणी घेत नसे. फक्त 'दिल्ली' म्हणत. दिल्लीने विचारलंय, दिल्लीला पाठवायचंय, दिल्ली नाराज होईल. मामा तर "सरांच्या सासरचा फोन हाय" असं म्हणायचे. फोन आला की सर उभे राहायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि मगच 'हॅलो' म्हणायचे. विंचू हातात असताना फोन वाजला तर तो मामांना उचलू द्यायचे नाहीत. "एका वेळी एकच," म्हणायचे.

सकाळी प्रयोगशाळेत आलं की नमस्काराच्या जागी त्यांचा एक प्रश्न असायचा.

"भीती वाटते का?"

"हो सर," म्हणायचं आणि कामाला लागायचं.

प्रकल्पातला दुसरा फेलो संदीप. तो जामखेडकडचा. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि लहानपणी तोही त्यांच्याबरोबर जायचा. मला तो 'कॉन्व्हेंट' म्हणायचा. एका सकाळी त्याने सरांना उत्तर दिलं, "न्हाई सर, आज न्हाई वाटत. झोप लई झ्याक झाली."

"मग आज कॉम्प्युटर."

"सर, रोजच कॉम्प्युटर व्हय? आमी कोपीत झोपायचो ओ उसाच्या पाचटावर. उशालाच इंचू असायचा."

"म्हणूनच," सर म्हणाले. "तू त्यांना घरचा समजतोस. ते तुला समजत नाहीत."

त्यामुळे आमच्याकडे उलटा कारभार होता. विंचवाला न भिणारा संदीप दिवसभर पाठमोरा बसून आकडेमोड करायचा, आणि बरणीतला मेलेला विंचू बघूनही जिचे पाय गार पडायचे, ती मी जिवंत विंचू धरायला शिकत होते. घरी मी सांगितलं होतं की प्रोटीनवर काम चालू आहे. ते खोटं नव्हतं. विष म्हणजे प्रोटीनच.

सरांनी मला पहिले कित्येक महिने विंचवाला हात लावू दिला नाही. दोन बशा, एकीत मोहरी. चिमट्याने एकेक दाणा या बशीतून त्या बशीत न्यायचा. दाणा निसटला की सगळे परत पहिल्या बशीत. सर शेजारी उभे राहायचे, माझ्या हाताकडे बघत.

"भ्यायचं," ते म्हणायचे. "भ्यायलाच पाहिजे. पण भीती मनगटाच्या वर ठेवायची. खाली उतरू द्यायची नाही."

त्यांच्या हातांकडे तेव्हा बघत राहावंसं वाटे. बाकी सगळा माणूस सतत दचकणारा, मागे वळून बघणारा. आणि चिमटा उचलला की कोपरापासून पुढचा भाग जणू दुसऱ्याच कोणाचा असावा असा थांबायचा. नांगीच्या अगदी खालच्या पेरात विंचवाला पकडायचं, विजेचा बारीकसा झटका द्यायचा, आणि नांगीच्या टोकावर येणारा थेंब केसासारख्या बारीक काचेच्या नळीत घ्यायचा. बस, एवढंच. पण तो थेंब घेताना ते श्वाससुद्धा घेत नसत आणि आम्हीही घेत नसू.

विंचवांना ते पाहुणे म्हणत. पाहुणे यायचे खर्ड्याकडून. किल्ल्याच्या पलीकडे नुसतं दगडांचं माळरान आहे, तिथे आम्ही जीपने जायचो, तेही दिवसाउजेडी. रात्री निळ्या दिव्यात विंचू चमकतो, पटापट सापडतो. बाकी सगळे तसंच करतात. सरांना ते पसंत नव्हतं. "रात्री बाहेर पडलेला कोणीही भेटतो. मला घरी असलेला हवा," म्हणायचे. दगड नेहमी आपल्या बाजूला कलता करायचा, म्हणजे विंचू आणि आपण यांच्यामध्ये दगडाची आड राहते. पाहुणा बरणीत आला की दगड होता तसाच ठेवायचा, त्याच खळग्यात, त्याच तोंडाने. दगडावर खडूने खूण करायची. विष काढून झालं की पाहुण्याला परत त्याच दगडाखाली सोडायचं. हे मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. कोणी विचारलं तर सर म्हणायचे, "आपण आणलं ना? मग पोचवायला नको?"

एकदा परत येताना जामखेड ओलांडल्यावर त्यांना आठवलं की एक दगड उपडा राहिला. त्यांनी जीप वळवायला लावली. मामा पुढच्या सीटवर कपाळाला हात लावून बसले. "सर, त्यो काय कोर्टात जातोय का दारासाठी?" सर परत जाऊन, टळटळीत उन्हात एकटेच माळावर गेले, दगड सरळ करून आले, आणि मग नगर येईपर्यंत गाढ झोपले.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो सगळ्यांत कडक होता. बाहेरचं कोणी बघायला आलेलं असलं, प्राचार्य असोत, शाळेतली मुलं असोत, पत्रकार असोत, तर विंचू फक्त सरच धरणार. विद्यार्थ्याने टेबलापासून दोन पावलं मागे उभं राहायचं. कारण मामांनी मला सांगितलं. पूर्वी त्यांचा एक विद्यार्थी होता, हुशार, धीट. बाहेरून आलेल्या मंडळींसमोर त्याने जरा रुबाबात विंचू उचलला आणि अंगठ्यावर नांगी बसली. तो वाचला. पण सिव्हिलमधून बाहेर आला तो पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता गावी गेला. "दोन दिस सर त्येच्या कॉटशेजारी बसले हुते," मामा म्हणाले. "त्येच्या आईनं इचारलं, तुमी तितं असून पोराच्या हातात का दिलं? तवापास्नं आसं."

मला धरायला यायला लागल्यावरही, मी एकटी असताना किंवा फक्त सर असतानाच धरायची. कोणी बघत नसलं की माझा हात चांगला होता. सर म्हणायचे तसं, भीती वरच राहायची.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना मला ती नळी ऐकू आली.

मला न बोलता बसायची सवय असल्याने बारीक आवाज पटकन कळतात. सर थेंब घेत होते आणि काचेची नळी काचेच्या ताटलीच्या कडेला वाजत होती. टिक टिक टिक टिक, घड्याळापेक्षा जलद. सरांनाही ते ऐकू आलं. त्यांनी वर न बघता म्हटलं, "रेंजवर फायरिंग चालू आहे. टेबल हलतंय."

नगरमध्ये लष्कराचा सराव चालू असला की कधी कधी खिडक्या थरथरतात, हे खरं आहे. त्या दिवशी लांबून तोफांचे आवाजही येत होते. मी मान डोलावली. पुढच्या वेळी आवाज येत नव्हते आणि तरी नळी वाजली. "फायरिंग," सर पुन्हा म्हणाले. संदीप पाठमोरा होता. त्याने कानात वायरी घातल्या होत्या.

मग मी बघायला लागले. चहाचा कप ते आता डाव्या हाताने उचलत. फळ्यावर लिहिताना अक्षर शेवटाकडे लहान लहान होत जाई. आणि काही करत नसले, नुसते खिडकीबाहेर बघत असले, की उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत राही. बोटांत मोहरीचा दाणा धरलाय आणि तो कुठे ठेवायचा ते आठवत नाही, असं वाटायचं.

एक दिवस ते घरून एक छोटी उशी घेऊन आले. फुलाफुलांच्या कापडाची, तळहाताएवढी, आत वाळू भरलेली. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, जुन्या ब्लाउजपिसातून शिवलेली.

"सर, बाहुलीची व्हय?" संदीपने विचारलं.

"मनगटाला आधार. नवी पद्धत आहे. थेंब सांडत नाही."

खरंच सांडेनासा झाला. उशीवर मनगट दाबून धरलं की थरथर वाळूत जिरायची. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे विचारच केला नाही. संदीपने केला. वार्षिक अहवाल तयार करताना, पद्धतीत काय सुधारणा केली या सदराखाली, त्याने उशीबद्दल छान इंग्रजीत एक परिच्छेद लिहिला. इंग्रजी तपासायला माझ्याकडेच दिलं होतं. मी दोन ठिकाणी शब्द सुधारले. सरांनी तो परिच्छेद वाचला, पान उलटलं, परत मागे आले, परत वाचला. काढून टाका म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. त्यांनी सही केली.

दिल्लीला उशी फार आवडली.

मेल आला तेव्हा संदीपने तो मोठ्याने वाचला. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. तो पुढे दोन वर्षं चालू ठेवायचा का, हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नगरला येणार होती. माझीही दोन वर्षं भरत होती. तेवढी भरली की समिती तुमचं काम तपासते, आणि मग तुम्ही ज्युनिअरचे सीनिअर होता किंवा घरी जाता. तेही त्याच भेटीत उरकणार होते. आणि शेवटची ओळ अशी होती, की मनगटाच्या आधाराची पद्धत इतर प्रयोगशाळांनाही उपयोगी पडेल असं समितीला वाटतं, तरी मुख्य संशोधकांनी तिचं प्रात्यक्षिक दाखवावं.

"बघा सर!" संदीप म्हणाला. "उशीनं नाव काढलं का न्हाई?"

सर उभे होते. वरचं बटण त्यांनी आपोआप लावलं होतं.

तोवर ती उशीही पुरेनाशी झाली होती. हे त्यांना माहीत होतं आणि मला. दोन आठवड्यांपूर्वी एक पाहुणा त्यांच्या चिमट्यातून निसटून टेबलावर पडला होता. मी बरणी पालथी घालून त्याला झाकलं होतं.

मामा एकदा सहज बोलून गेले होते, "सरांच्या छातीत दोन स्प्रिंगा हायेत." म्हणजे हृदयातले स्टेंट. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. आमचा सगळा प्रकल्प त्यावरच होता. धडधाकट माणूस वेळेवर दवाखान्यात पोचला तर बहुतेक वेळा वाचतो. छातीत दोन स्प्रिंगा असलेल्या माणसाचं काय होतं, ते मी वाचलेलं होतं.

दिल्लीला सरळ सांगून टाकावं, तर तिचा नियम साधा होता. मुख्य संशोधक काम करू शकत नसेल तर प्रकल्प दुसऱ्या कोणाच्या नावे करायचा, नाहीतर बंद करायचा. आमच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे मी तोंड उघडलं तर सरांचा प्रकल्प गेला, संदीपची जागा गेली, माझी गेली, कपाटातले नमुने कपाटात राहिले. नाही उघडलं तर सर तीन अनोळखी माणसांसमोर त्या हाताने विंचू उचलणार.

पुढचे दिवस मी बसमध्ये, पायऱ्यांवर, आरशासमोर मनात वाक्यं जुळवत होते. ती सगळी इंग्रजीत यायची आणि सगळी 'सर, आय थिंक'ने सुरू व्हायची. तिथून पुढे सरकायची नाहीत. जेवताना आईने दोनदा विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, प्रेझेंटेशन आहे.

एका दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. सर खिडकीशी बसले होते, अंगठा तर्जनीवर फिरत होता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात खिशात घातला.

"तुला काही विचारायचंय?"

मी सगळा श्वास गोळा केला.

"नाही सर."

"तुला पुष्कळ दिसतं," ते म्हणाले. "आणि तू बोलत नाहीस. बरं आहे ते."

ती शाबासकी होती की विनंती, मला कळलं नाही. पण त्यानंतर बोलणं आणखी कठीण झालं.

समिती आली त्या सकाळी सरांनी मला नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

तिघेजण होते. अध्यक्ष एक साठीच्या बाई, सुती साडी, केस अगदी बारीक कापलेले, नजर तीक्ष्ण. बरोबर दोन पुरुष, एक हैदराबादचे प्राध्यापक आणि एक दिल्लीचे अधिकारी. तिघेही आपसात इंग्रजी आणि हिंदी बोलत होते. मराठी त्यांच्यापैकी कोणालाच येत नव्हती. मामांनी "चहा घ्या" म्हटलं तर तेसुद्धा सरांना भाषांतर करून सांगावं लागलं.

माझं काम मी पडद्यावर दाखवलं. "थोडं मोठ्याने," अध्यक्षबाई दोनदा म्हणाल्या. प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. "दुपारी सांगू," त्या म्हणाल्या. "आधी ती प्रसिद्ध उशी बघू या."

मामांनी डबा आणून टेबलावर ठेवला. आत खर्ड्याचा पाहुणा, पूर्ण वाढीचा, लालसर पिवळा, कोपऱ्यात शेपूट आखडून बसलेला. संदीप आणि मी नियमाप्रमाणे दोन पावलं मागे. सरांनी हातमोजे झटकले, तेव्हा अधिकारी हसले. सरांनी फुलाफुलांची उशी टेबलावर ठेवली. अध्यक्षबाईंनी ती कौतुकाने बोटाने दाबून बघितली.

"कोणी शिवली?"

"माझ्या पत्नीने," सर इंग्रजीत म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

त्यांनी मनगट उशीवर टेकवलं आणि चिमटा डब्यात नेला.

आवाज सुरू झाला. या वेळी काच नव्हती. चिमट्याचं स्टील डब्याच्या प्लॅस्टिकवर वाजत होतं, टक टक टक टक. बाहेर एकही तोफ वाजत नव्हती. खिडकीतून फक्त कॅन्टीनमधल्या भांड्यांचा आवाज येत होता. संदीपने मान वळवून सरांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो पहिल्यांदाच बघत होता. न भिणाऱ्या संदीपला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं.

चिमट्याने शेपूट पकडलं, पण नांगीपासून फार खाली. विंचू उचलला गेला तो वळवळतच, आणि नांगी उलटी होऊन स्टीलवर आपटली. एक बारीक थेंब चिमट्यावरून ओघळला. सरांनी त्याला परत डब्यात सोडलं.

"आज जरा अस्वस्थ आहे," ते म्हणाले. "पुन्हा धरतो."

"काही घाई नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि नीट दिसावं म्हणून आणखी पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा आता डब्यापासून हातभर अंतरावर होता. हैदराबादच्या प्राध्यापकांनी मोबाईल काढला. अधिकारी सरांच्या हाताकडे बघत होते. नुसते बघत होते की काही जोखत होते, मला सांगता येईना.

सरांनी चिमटा डाव्या हातात घेतला, परत उजव्यात. कपाळावर घाम होता. मला त्यांच्या शर्टाचा खिसा दिसत होता, कापड आत बाहेर होत होतं. ते काही केल्या थांबणार नव्हते. दिल्लीने दाखवा म्हटलं होतं, आणि बाहेरच्यांसमोर दुसऱ्या कोणाच्या हातात चिमटा द्यायचा नाही हे त्यांनी त्या कॉटशेजारी बसून ठरवलं होतं. एका भीतीने ते पुढे ढकलले जात होते आणि दुसरीने मागे फिरायची वाट बंद केली होती.

माझ्या डोक्यात सगळी वाक्यं एकदम उभी राहिली. सर, आय थिंक. मॅडम, प्लीज. एक्सक्यूज मी. त्यातलं कुठलंही बोललं असतं तर त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं असतं. माझे पाय नेहमीसारखे गार पडले होते. हाताचं मला माहीत नव्हतं. लोक बघत असताना माझा हात कसा असतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सरांनी दुसऱ्यांदा मनगट उशीवर दाबलं. चिमटा डब्याच्या कडेला लागला आणि पुन्हा वाजायला लागला. पाहुण्याने शेपूट कमानीसारखं वर घेतलं.

मी दोन पावलं पुढे गेले. मागून संदीपने "ए," असं दबक्या आवाजात म्हटलं. टेबलाला वळसा घालून मी सरांच्या उजव्या हाताशी उभी राहिले, इतकी जवळ की अध्यक्षबाईंना थोडं मागे सरकावं लागलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी त्यांना कुत्र्यांना, लिफ्टला, फोनला भिताना पाहिलं होतं. हे त्यातलं काहीच नव्हतं. ते मला भीत होते. मी आता काय बोलेन त्याला.

मी हात पुढे केला, तळवा वर करून. आणि मराठीत, मला वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्याने म्हणाले,

"सर, तुम्ही त्यांना पद्धत समजावून सांगा. धरते मी."